लय आहे, ताल नाही: काठीने खोड वाजवणाऱ्या काकाकुव्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका व्हिडिओत मोठ्या तुऱ्याचा एक काळा पक्षी पायात काठी धरून झाडाच्या खोडावर ठोकताना दिसतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'माणसाशिवाय वाद्य वाजवणारा एकमेव जीव'. हे खरं आहे का? की पक्षी नुसती काठी आपटतोय आणि आपल्याच कानाला त्यात ठेका ऐकू येतोय? आणि सुतार पक्षीही आयुष्यभर खोडच ठोकतो, मग ह्याचंच एवढं कौतुक कशाला?

माझं काम पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायचं आणि नंतर ते बसून मोजायचं. त्यातलं मोजणं जास्त, रेकॉर्डिंग कमी. व्हिडिओतला पक्षी मी जंगलात पाहिलेला नाही, पण ठोक्यांच्या आवाजावर बरीच वर्षं डोकं घातलंय. तेव्हा उत्तर त्या बाजूने देतो.

पक्षी खरा आहे आणि वागणंही खरं आहे. हा पाम कॉकाटू, काकाकुव्यांमधला एक थोराड काळा भाऊबंद. गालावर पिसं नसलेली लाल कातडी असते आणि पक्षी उत्तेजित झाला की ती आणखी लालबुंद होते. चोच अशी अजस्र की वरची आणि खालची बाजू मध्ये नीट मिटतच नाही. त्या फटीत जिभेने कठीण बी अडकवून तो ती फोडतो. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक, म्हणजे क्वीन्सलँडमधलं केप यॉर्क द्वीपकल्प, हा त्याचा मुलूख. काठीने ठोकण्याचं जे वागणं अभ्यासलं गेलंय, ते केप यॉर्कमधल्या पक्ष्यांचं. 1984 साली जी. ए. वूड यांनी ते लेख लिहून नोंदवलं. म्हणजे हा काही कालपरवाच्या मोबाइल कॅमेऱ्याचा शोध नव्हे. पण नोंद एक आणि पुरावा दुसरा. 'पक्षी काठीने ठोकतो' हे पाहून सांगता येतं. 'पक्षी लयीत ठोकतो' हे पाहून सांगता येत नाही, ऐकूनसुद्धा नाही. ते मोजावं लागतं.

कान इथे फार दगा देतो. घड्याळाची टिकटिक सगळी सारखीच असते, तरी आपण ती 'टिक-टॉक' ऐकतो. कपड्यांच्या मशिनच्या आवाजावर माणसं पायाने ठेका धरतात. ठोके कानावर पडले की मेंदू आपणहून त्यांचे गट पाडायला बसतो. म्हणून आमच्या धंद्यात 'ऐकायला लयबद्ध वाटतं' ह्या वाक्याला काडीची किंमत नाही.

मोजतात कसं ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. रेकॉर्डिंग संगणकावर उघडलं की एका आडव्या रेषेवर प्रत्येक ठोका काट्यासारखा उभा दिसतो. आधी झपकन चढतो, मग खोड घुमतं तेवढा वेळ झिरपत खाली येतो. प्रत्येक काट्याच्या सुरुवातीला खूण करायची. मग दोन खुणांमधलं अंतर मिलिसेकंदांत काढायचं. शेवटी हाती उरते ती फक्त आकड्यांची एक उभी यादी. आवाज गेला, पक्षी गेला, झाड गेलं. त्या यादीला एकच प्रश्न विचारायचा: ही अंतरं एकमेकांच्या आसपास घुटमळतायत की वाट्टेल तशी विखुरलीयत?

समजा यादी अशी आली: 410, 395, 405, 420, 400. सरासरी 406 आणि सगळे आकडे तिच्या आगेमागे पंधराच्या आत. ही लय. आता समजा अशी आली: 120, 780, 60, 900, 170. हिचीही सरासरी तेवढीच, चारशे सहा. पण हे छपरावरून ठिबकणारं पाणी आहे. सरासरीवरून काही कळत नाही, विखुरण्यावरून कळतं. पूर्णपणे यदृच्छेने पडणाऱ्या ठोक्यांमध्ये अंतरांचं विखुरणं सरासरीएवढंच मोठं असतं, नेमक्या लयीत ते शून्याकडे जातं. खरे पक्षी ह्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात आणि कुठे आहेत ते आकड्यांत सांगता येतं.

ह्या कामात मी एकदा चांगलाच तोंडावर पडलोय. सुरुवातीच्या काळात सुतार पक्ष्याच्या एका रेकॉर्डिंगवर मी खुणा ठोक्याच्या सुरुवातीला न करता सर्वात उंच शिखरावर केल्या, कारण शिखर संगणक आपोआप शोधून द्यायचा. यादी आली ती इतकी वेडीवाकडी की मी पक्ष्यालाच बेसूर ठरवून मोकळा झालो. प्रत्यक्षात खोड कधी आधी घुमायचं, कधी नंतर, त्यामुळे शिखर चार-पाच मिलिसेकंद मागेपुढे सरकत होतं. दोन ठोक्यांत पन्नास मिलिसेकंदांचं अंतर असताना पाचाची चूक म्हणजे दहा टक्के. पाचशेचं अंतर असतं तर तीच चूक एक टक्का झाली असती आणि माझी पोलही उघडी पडली नसती. तेव्हापासून खुणा मी हाताने करतो आणि वेगवान ठोक्यांवरच्या कुठल्याही मोठ्या दाव्यात आधी हे विचारतो की खूण नेमकी कुठे केली होती.

आता पाम कॉकाटूकडे. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या रॉबर्ट हाइनसॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केप यॉर्कच्या जंगलात सात वर्षं ह्या पक्ष्यांचं चित्रीकरण केलं. 18 नर आणि ठोकण्याचे 131 प्रसंग. सात वर्षांच्या मानाने आकडा लहान वाटेल, पण हा पक्षी बुजरा आहे, त्याचा इलाका मोठा आहे आणि त्याने वाजवण्याच्या नेमक्या वेळी कॅमेरा घेऊन जवळ असणं हा निव्वळ नशिबाचा भाग. मला ह्या अभ्यासातली चिकाटीच जास्त भावते. 2017 साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये निष्कर्ष आले. ठोक्यांमधली अंतरं यदृच्छ नाहीत, ती एका स्थिर स्पंदाला धरून चालतात आणि हे एखाददुसऱ्या हुशार नराचं नाही, एकूण सगळ्यांचं आहे. लय सिद्ध झाली ती इथे.

त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. प्रत्येक नराचा हात वेगळा निघाला. 'हात' हा शब्द मी तबलजीच्या हाताबद्दल बोलतात त्या अर्थाने वापरतोय. एखादा नर जलद ठोकतो, एखादा सावकाश. एखादा सुरुवातीला भराभर काही ठोके टाकतो आणि मग संथ चालीवर येतो. तोच नर पुन्हा वाजवायला लागला की पुन्हा तसाच वाजवतो. म्हणजे यादीवरून पक्षी ओळखायची शक्यता निर्माण होते. कोकीळ किंवा दयाळ गातो तेव्हा आवाज ओळखीचा वाटणं वेगळं, तिथे घशाची ठेवण मदतीला असते. इथे आवाज काठीचा आणि लाकडाचा. त्यात पक्ष्याचं स्वतःचं असं फक्त अंतर आहे, दोन ठोक्यांमधला मोकळा वेळ.

आता 'ताल ऐकू येतो' ह्या मुद्द्यावर. आपल्याकडे लय आणि ताल हे दोन शब्द आहेत आणि हा फरक इथे सोन्यासारखा कामी येतो. लय म्हणजे चालीचा वेग आणि त्या वेगाचा सारखेपणा. ताल म्हणजे मात्रांचं आवर्तन: ठरावीक मात्रा, विभाग, टाळी-खाली आणि फिरून समेवर येणं. पाम कॉकाटूच्या ठोक्यांमध्ये लय दाखवली गेली आहे. आवर्तन दाखवलं गेलेलं नाही. तो समेवर येत नाही. व्हिडिओखाली लोक 'काय ताल धरलाय' म्हणतात तेव्हा ते लयीलाच ताल म्हणत असतात. बोलण्यात चालतं, पण दावा करताना चालत नाही.

आणखी एक गल्लत नेहमी होते. स्वतः लय निर्माण करणं ही एक गोष्ट आणि दुसऱ्याच्या लयीला लय मिळवणं ही दुसरी. दुसऱ्या प्रकाराचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्नोबॉल नावाचा पाळीव काकाकुवा. गाण्याचा वेग कमी-जास्त केला तरी तो त्याप्रमाणे डोकं आणि पाय हलवायचा, हे अनिरुद्ध पटेल आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं. त्याआधी पटेलांची मांडणी अशी होती की आवाजाची नक्कल करू शकणाऱ्या प्राण्यांनाच हे जमत असावं, कारण ऐकणं आणि हालचाल ह्यांची मेंदूतली जोडणी त्यांच्यात पक्की असते. पोपट त्या चौकटीत चपखल बसले. मग 2013 मध्ये रोनन नावाच्या समुद्रसिंहिणीने ठोक्याबरोबर मान हलवून दाखवली आणि चौकट जरा खिळखिळी झाली, कारण समुद्रसिंह काही नकलाकार म्हणून ओळखले जात नाहीत. हे सगळं रंजक आहे, पण पाम कॉकाटूशी त्याचा संबंध दूरचा. तो कुणाच्या साथीला वाजवत नाही. तो एकटा वाजवतो आणि ऐकायला असलीच तर मादी असते.

ते वाजवणं नेमकं कसं चालतं? नर जिवंत झाडाची फांदी चोचीने तोडतो, पानं साफ करतो आणि वीतभराच्या आत बसेल एवढा तुकडा करतो. ढोलवाल्याच्या भाषेत, टिपरू तयार करतो. मग ते पायात धरून पोकळ फांदीवर किंवा खोडावर, बऱ्याचदा ढोलीच्या तोंडाशी बसून ठोकायला लागतो. मध्येच तुरा उभारणं, पंख पसरणं, शिट्टी घालणं, गालाची लाली चढणं, सगळं चालू असतं. बहुतेक वेळा मादी जवळपास असते. काम झालं की पुष्कळदा तोच तुकडा चोचीने चावून फोडतो.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात घ्या. ह्या पक्ष्याचं घरटं म्हणजे ढोलीच्या आत चिरफाळलेल्या काटक्यांचा रचलेला थर. त्यावर एकच अंडं, तेही सरासरी दोन वर्षांतून एकदा. ढोलीत पावसाचं पाणी उतरलं तरी अंडं थरामुळे वर, कोरडं राहत असावं असा एक तर्क आहे. म्हणजे काठी तोडणं, मापात आणणं, ढोलीपाशी नेणं आणि फोडणं हे ह्या पक्ष्याच्या संसारातलं रोजचं काम. माझं स्वतःचं मत विचाराल तर वाजवणं त्यातूनच फुटलं असावं. काठी हाताळण्यात कोण किती पटाईत आहे हे मादीला ढोलीच्या दारातच दिसत असेल, तर काठी जरा जास्त वेळ आणि जरा ठसक्यात हाताळणाऱ्याला फायदाच.

आणि सुतार पक्षी? त्याच्या कौतुकात मी कुठे कमी पडणार नाही, पण तो वाजवतो चोचीने. चोच शरीराचा भाग, ती साधन नव्हे. साधनाची जी व्याख्या प्राणिवर्तनात वापरतात, ती बेंजामिन बेक यांच्या नावाने ओळखली जाते. तिचा गाभा असा की वस्तू शरीरापासून आणि जागेपासून सुटी हवी आणि प्राण्याने ती धरून किंवा हाताळून कामाला लावलेली हवी. सुतार पक्षी पोकळ, घुमणारी फांदी निवडतो, कधी पत्र्यावर किंवा लोखंडी खांबावरही ठोकतो, तेव्हा तो वाजवण्याची जागा निवडत असतो. जागा चांगली निवडली म्हणून ती साधन होत नाही. मात्र निव्वळ लयीच्या हिशेबात तो कॉकाटूपेक्षा सरस आहे. युरोपातला ग्रेट स्पॉटेड वुडपेकर साधारण अर्ध्या सेकंदात दहाबारा ठोके टाकतो आणि शेवटाकडे ठोके अधिक जवळ येत जातात. ही लय एकसारखी नाही, चढती आहे आणि ती चढण दर वेळी तशीच असते. तीही मोजता येते.

पक्ष्यांमध्ये गळ्याशिवाय आवाज काढण्याच्या इतर तऱ्हाही आहेत, पण त्या सगळ्या अंगातल्या. पांढरा करकोचा चोच चोचीवर वाजवतो. पाणलावा सूर मारताना शेपटीची बाहेरची पिसं हवेत थरथरवतो. उत्तर अमेरिकेतला रफ्ड ग्राउस ओंडक्यावर उभा राहून पंखांनी हवा ठोकतो, आधी संथ, मग वाढत वाढत. दक्षिण अमेरिकेतला क्लब-विंग्ड मॅनाकिन तर पंखाची पिसं एकमेकांवर घासून सारंगीसारखा सूर काढतो. किंबर्ली बॉस्टविक आणि रिचर्ड प्रम यांनी 2005 मध्ये त्याची रीत उलगडली. दुसरीकडे साधनं वापरणारे पक्षीही कमी नाहीत. न्यू कॅलेडोनियाचा कावळा काटकीचे हूक बनवतो, पांढरं गिधाड दगड फेकून शहामृगाचं अंडं फोडतं. पण ही सगळी साधनं पोटासाठी. आवाज काढणारे एका रांगेत आणि साधनवाले दुसऱ्या. रानात स्वतः साधन घडवून त्याने लयीत ठोके देणारा म्हणून नोंदला गेलेला पक्षी हा एकच, दोन्ही रांगांत उभा असलेला.

एक गंमत सांगतो. ऑस्ट्रेलियात सुतार पक्षी नाहीतच. म्हणजे तिथे ढोली कोरून देणारं कुणी नाही. वाळवी, बुरशी आणि वणवा मिळून खोड पोखरतात आणि मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली व्हायला शंभर वर्षंही लागू शकतात. त्यामुळे चांगली ढोली असलेलं झाड ही ह्या पक्ष्याची खरी मालमत्ता. सुतार पक्ष्याच्या ठोक्याला खोड आपलं असल्याचा अर्थ असतोच. कॉकाटूच्या ठोक्यातही तो थोडाफार असू शकेल. पण मादीची हजेरी पाहता मुख्य रोख तिच्याकडेच दिसतो.

'एकमेव' ह्या शब्दाबद्दल मात्र जपून. पक्ष्यांपुरतं म्हणायला हरकत नाही. सगळ्या प्राण्यांत म्हणायचं तर चिंपांझी झाडांच्या रुंद मुळांवर हातापायांनी ढोल बडवतात आणि पश्चिम आफ्रिकेतले काही चिंपांझी ठरावीक झाडांवर दगड भिरकावून आवाज काढतात. दगड हे साधन आहेच, पण चिंपांझी तो घडवत नाहीत आणि त्यात ठोक्यांची अशी लांबलचक, सारखी माळ नसते. व्हिडिओखालच्या ओळीत 'स्वतः घडवलेल्या साधनाने' आणि 'सलग लयीत' एवढे शब्द घातले तर माझी तक्रार नाही.

घडवण्याबद्दल आता बरंच कळलंय. हाइनसॉन यांच्याच गटाने 13 नरांची, झाडांखाली टाकून दिलेली 256 साधनं गोळा केली आणि 2023 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली 227 टिपरी आणि 29 बियांच्या कठीण शेंगा. ग्रेव्हिलिया ग्लॉका नावाच्या झाडाची ही शेंग लाकडासारखी टणक असते आणि पक्षी तीसुद्धा चोचीने कोरून हवी तशी करून घेतो. काही नर टिपऱ्याचेच, काही शेंगेकडे झुकलेले, काही दोन्ही वापरणारे. टिपरं वापरणाऱ्यांतही एकाला लांब आणि बारीक आवडतं, दुसऱ्याला आखूड आणि जाड. म्हणजे वाजवण्याचा हात वेगळा तसा वाद्याचा घाटही वेगळा.

इथे सगळ्यांना एकच शंका येते, की शेजारी शेजाऱ्याचं पाहून शिकत असेल. तसं दिसलं नाही. शेजारच्या नरांची टिपरी एकमेकांसारखी नव्हती. गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये शेजाऱ्यांची गाणी पुष्कळदा जुळतात, त्या अंदाजाने मीही इथे जुळणी निघेल असं धरून बसलो होतो. नाही निघाली.

शेवटी, 'आमचा पोपट चमचा घेऊन वाटी बडवतो, तेही हेच का?' हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. पिंजऱ्यातला पक्षी वस्तू आपटतो त्याची कारणं वेगळी असतात. कंटाळा असतो, लक्ष वेधायचं असतं, किंवा आपटल्यावर तुम्ही दर वेळी हसता हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण घरबसल्या तपासता येईल. दोनतीन दिवस, तुम्ही खोलीत नसताना, फोन त्याच्याजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करा. आवाजाची पट्टी दाखवणाऱ्या कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा, प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला हाताने खूण करा आणि किमान वीस-तीस सलग अंतरांची यादी काढा. ती 406 च्या आसपास घुटमळणाऱ्या यादीसारखी निघाली, तर पुढे बोलू. आणि शिखरावर खूण करू नका, त्यात मी एकदा फसलोय.